पटनीचा लोहार

डॅनी डायर हा लंडनच्या ईस्ट एंडचा नट. 'ईस्टएन्डर्स' या बीबीसीच्या मालिकेत त्याने पबचा मालक रंगवला. बोलणं गल्लीतलं, आणि ते लपवण्याची हौसही नाही. 2016च्या नोव्हेंबरात 'हू डू यू थिंक यू आर?' या कार्यक्रमात त्याच्या पूर्वजांचा शोध घेतला गेला आणि वंशवृक्षाच्या शेंड्याला थेट इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड निघाला. प्रेक्षक हरखले. मथळे राजाचे झाले. 2019 मध्ये बीबीसीने त्याच्या राजघराण्यावर दोन भागांची वेगळी मालिकाच काढली. पबवाल्याच्या अंगात राजाचं रक्त म्हटल्यावर आणखी काय हवं?

हिशेब करायला मात्र कोणी बसलं नाही. एडवर्ड चोवीस पिढ्या मागे. प्रत्येक पिढीला आईवडील दोन, या दराने चोविसाव्या पायरीवर पूर्वजांच्या जागा होतात 1 कोटी 67 लाख. एडवर्डच्या राज्यात इंग्लंडची वस्ती पन्नास लाखांच्या आसपास, आणि 1348च्या प्लेगनंतर तीही निम्म्यावर आलेली. जागा जास्त, माणसं कमी. म्हणजे तीच ती माणसं पुन्हा पुन्हा येणार, आणि ज्यांचा वंश टिकला ते बहुतेक सगळ्यांच्याच झाडावर बसणार. ज्याची मुळं ब्रिटनमध्ये आहेत तो जवळपास नक्कीच एडवर्डचा वंशज, हे अॅडम रदरफर्ड यांच्यासारखे आनुवंशिकीचे अभ्यासक केव्हापासून सांगत आहेत. सोफ्यावर बसून डोळे विस्फारणारा प्रेक्षक डायरइतकाच राजवंशी होता. डायरकडे कागद होते, इतकाच फरक.

खरी गंमत वेगळीच आहे. हे कागद ज्या वाटेने राजापर्यंत पोचतात, त्या वाटेवर एक लग्न लागतं. नवरा ग्रेगरी क्रॉमवेल, आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याचा मुलगा. बायको एलिझाबेथ सीमोर, हेन्रीची तिसरी राणी जेन हिची बहीण. एलिझाबेथच्या माहेराकडून वर चढत गेलं की आठव्या पायरीवर एडवर्ड भेटतो. ग्रेगरीच्या बाजूने दोनच पायऱ्या चढल्या की भेटतो त्याचा आजा, वॉल्टर क्रॉमवेल. हा लंडनजवळच्या पटनीचा लोहार. शिवाय घरी बिअर गाळून विकणारा. पडद्यावरच्या पबमालकाला याहून शोभणारा पूर्वज दुसरा कोणता मिळणार? तो राजापेक्षा सहा पिढ्यांनी जवळचाही आहे. लग्न एकच, वाटा दोन. सगळी गर्दी गेली सिंहासनाकडे.

थॉमस क्रॉमवेल दिसलाच नाही असं नाही. दिसला तो हेन्रीचा उजवा हात म्हणून, 1540 मध्ये शिरच्छेद झालेला मातब्बर म्हणून. त्याच्या हयातीत दरबारचे उमराव त्याचं हलकं कूळ काढून त्याला हिणवत. पावणेपाचशे वर्षांनी प्रेक्षकांनी हिणवलं नाही. लोहाराला वळसा घालून ते पुढे गेले, एवढंच.

आणि नेमका हाच थॉमस क्रॉमवेल या कार्यक्रमाचा खरा आश्रयदाता आहे. 1538 मध्ये त्याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे प्रत्येक चर्चच्या हद्दीत, एक वही असावी. दर रविवारी चर्चच्या पंचांसमक्ष पाद्रीने मागच्या आठवड्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं तीत लिहावीत. वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवावी. एक किल्ली पाद्र्याकडे, दुसरी पंचांकडे. चुकेल त्याला दंड. हा नव्या कराचा डाव आहे, अशी लोकांनी तेव्हा धास्ती घेतली होती. पण या हुकुमामुळेच कुंभार, विणकर, मोलकरीण यांची नावं नियमाने कागदावर चढू लागली. त्याआधी वंशावळ असे ती जमीनजुमला असलेल्यांची. आज कोणी नट-नटी जुन्या वहीवर बोट ठेवून डोळे पुसते, तेव्हा ती वही बहुधा याच हुकुमाचं पिल्लू असते.

म्हणजे डायरच्या झाडावर असा एक माणूस होता, ज्याच्यामुळे सामान्यांची झाडं शोधता येऊ लागली. आणि त्या माणसाचा बाप लोहार होता. एका तासाच्या कार्यक्रमाला एवढा ऐवज पुरेसा होता. तरी प्रेक्षकांना आठवतो तो एडवर्ड.

दोष एकट्या प्रेक्षकांचा नाही. मुलाखतकार मायकेल पार्किन्सन यांनी 2009 मध्ये सांगितलं होतं की त्यांचंही घराणं या कार्यक्रमासाठी धुंडाळलं गेलं आणि अगदीच नीरस निघालं म्हणून सोडून देण्यात आलं. पार्किन्सन यॉर्कशरच्या कोळसा खाणीतल्या मजुराचे चिरंजीव. मागणी तसा पुरवठा. (आपणही फार हसू नये. कुलवृत्तांत हाती पडला की आधी सरदार आणि सनदा शोधणारी बोटं आपलीच.)

या कार्यक्रमात रडू येतं, ते खोटं नसतं. जेरेमी पॅक्समनसारखा भल्याभल्यांना घाम फोडणारा पत्रकार दारिद्र्यात पिचलेल्या पणजीची नोंद वाचून गहिवरला, आणि प्रेक्षकही त्याच्यासोबत गहिवरले. गरीब पूर्वजाबद्दल कणव वाटते. अभिमान मात्र राजाचा. ही वाटणी कोणी शिकवलेली नाही, पण कार्यक्रमागणिक ती तशीच होते. पणजीने सोसलं याची हळहळ, आणि एडवर्डने फ्रान्सशी शंभर वर्षांचं युद्ध ओढवून घेतलं त्याचं मात्र अवाक्षर नाही.

तेव्हा पुढच्या भागात कोणाच्या झाडावर राजा निघाला, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याच झाडाची दुसरी फांदी दाखवायला सांगा. तिथे राहिलेल्यांच्या नोंदी 1538 पासूनच्या वह्यांत आहेत.