लेकराला कोण विचारणार?

दिवाळीच्या तोंडावर परभणी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत एकच फोन होतो. सोयाबीन अडतीवर गेलेलं असतं, नाहीतर पावसात भिजून शेंगांना कोंब फुटलेले असतात. लातूर किंवा नांदेडला क्लास लावलेला मुलगा वडिलांना विचारतो, "भाव काय लागला?" क्लासच्या फीचा पुढचा हप्ता त्या भावावर अडलेला असतो, म्हणून हा प्रश्न. वडील म्हणतात, "तू ते नको पाहू, तू अभ्यास कर." मुलगा फोन ठेवतो, पुस्तक उघडतो. डोळ्यांपुढे मात्र वावर असतं.

तरुण मुलांच्या मनाविषयी बोलणं निघालं की गाडी मोबाइलवर येऊन थांबते. मोबाइलचा त्रास खोटा नाही. पण परभणी, पाथरी, सोनपेठ, पालम या पट्ट्यात मुलाच्या मनाचा आणि बापाच्या शेतीचा हिशेब एकाच वहीत असतो. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीने मराठवाड्याची खरिपाची पिकं गेली. शेताचा पंचनामा होतो. त्याच घरात दहावी-बारावीला असलेल्या लेकराचं काय वाहून गेलं, हे कुणी लिहून घेत नाही.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये पाथरी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या मुलीने आयुष्य संपवलं. अशा मृत्यूला एकच कारण कधीच नसतं. पण काही दिवसांपूर्वीच तिच्या नात्यात एक आत्महत्या झालेली होती. घरात एक आत्महत्या झाली की मागे राहिलेल्यांचा धोका वाढतो, ही गोष्ट मनोविकारतज्ज्ञांना जगभर ठाऊक आहे. म्हणजे त्या दिवसांत घरातल्या पोराबाळांजवळ कुणीतरी जाऊन बसायला हवं. आपल्याकडे काय होतं? सरकारी माणूस येतो. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज कोणत्या बँकेचं, हे पाहिलं जातं. मग एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र, ते जिल्ह्याची समिती ठरवते. त्या घरातलं लेकरू रात्री झोपतं का, ताटावरून अर्धवट उठतं का, हे पाहणं कुणाच्याच कामात बसत नाही.

सरकारने काहीच केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०१५ मध्ये राज्याने विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात परभणी आहे. आशाताईंनी घरोघरी जायचं, ताणाखाली असलेला माणूस ओळखायचा, त्याला आरोग्य केंद्रापर्यंत न्यायचं, अशी ती रचना. कल्पना उत्तम. पण नजर शेतकऱ्यावर, म्हणजे बहुतेक वेळा कर्त्या पुरुषावर. आशाताई ओसरीवर बसून बापाशी बोलते, तेव्हा आतल्या खोलीत दाराआड उभी असलेली सोळा वर्षांची मुलगी सगळं ऐकत असते. तिलाही दोन प्रश्न विचारले तर? आशाताई गावातलीच, त्या मुलीला लहानपणापासून ओळखणारी. "काय गं, अलीकडे बोलत नाहीस?" एवढंच विचारायला तज्ज्ञ लागत नाही.

किशोरवयीन मुलांसाठी वेगळी सोय कागदावर आहे. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे, आणि महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांत त्याची 'मैत्री' क्लिनिकं आहेत. नाव गोड आहे. पण तालुक्याच्या दवाखान्याच्या रांगेत शेजारची काकू, वर्गमित्राची आई, गावचा कंडक्टर असे सगळे भेटतात. "इथं कशाला आलास रे?" या एका प्रश्नाच्या धाकाने पोरगा फाटकातूनच मागे फिरतो. मनाचा दवाखाना म्हणजे वेड्यांचा दवाखाना, हे समीकरण अजून पुसलेलं नाही. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी, ही राज्याची चार जुनी मनोरुग्णालयं मराठवाड्यापासून लांब, आणि तिथे जाणं म्हणजे घराण्याला बट्टा, अशी पिढ्यांची समजूत. त्यापेक्षा "बाहेरचं झालंय" म्हणून देवऋष्याकडे नेणं घरच्यांना सोपं वाटतं.

आकडे पाहिले की पोटात गोळा येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयाच्या शंभरांपैकी सुमारे सात मुलांना मानसिक आजार आढळला. साठ मुलांचा वर्ग धरला तर चार मुलं. चौघांपैकी एखादं मागच्या बाकावर गप्प बसतं, एखादं मारामाऱ्या करतं, एखाद्याचं रोज पोट दुखतं. "एवढ्याशा लेकराला कसलं आलंय टेन्शन?" असं म्हणून चारही निसटतात.

परभणीच्या मुलावर आणखी एक ओझं आहे. 'बनी तो बनी, नही तो परभणी' ही म्हण अवघ्या महाराष्ट्रात हसत हसत सांगितली जाते. बाहेर जमलं तर ठीक, नाहीतर आहेच परभणी! आता त्या मुलाचा विचार करा, जो दोन वर्षं लातूरला खोली घेऊन राहिला आणि नीटमध्ये मागे पडला. २०२४ मध्ये ही परीक्षा देशभरातून २३ लाखांहून अधिक मुलांनी दिली आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्याही आत होत्या. हे गणित पाहता बहुसंख्य मुलं मागे राहणारच. पण तो पेटी घेऊन बसस्टँडवर उतरतो, तेव्हा आपण हरून आलो असंच त्याला वाटतं. गावात चौघे विचारतात, "काय, आलास का परत?" त्या दोन-तीन महिन्यांत त्याच्याजवळ कोण असतं, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

मग करायचं काय? बिहारच्या नालंदा जिल्ह्याचा दाखला परभणीला चपखल लागू पडतो. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'संगत' या संस्थेने तिथल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांत 'सेहर' नावाचा प्रयोग केला. काही शाळांत प्रशिक्षण दिलेला एक स्थानिक माणूस नेमला, काही शाळांत तेच काम शिक्षकाकडे दिलं. मुलांनी मनातलं लिहून टाकायला पेटी ठेवली, भित्तिपत्रक चालवलं, दादागिरीविरुद्ध नियम केले, हवं त्याला एकट्याने बोलायची सोय केली. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. वेगळा माणूस नेमलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी आणि नैराश्य कमी झालं. जिथे हे काम शिक्षकाच्या गळ्यात मारलं, तिथे फरक पडला नाही. पडणार कसा? निवडणुका, जनगणना, पोषण आहार, ऑनलाइन माहिती या सगळ्यांत गुंतलेल्या गुरुजींना आणखी एक रजिस्टर दिलं तर ते रजिस्टर तेवढं भरतं. शिवाय जो गुण देतो, त्याच्यापाशी मूल मन मोकळं करत नाही.

घराजवळचा दाखलाही आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पात गावातलेच कार्यकर्ते तयार केले गेले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तीच कापसाची शेती, तोच कर्जाचा फास. फरक एवढाच की विचारणारं माणूस दारात आलं.

कायदाही आता बाजूने आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडून घ्यावं. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत. शिकवणी वर्गांनाही हे लागू आहे. आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या मुलावर पोलीस केस होईल, या भीतीने घरं गप्प बसतात. त्यांनी हे जाणून घ्यावं की २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा अशा माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानतो आणि त्याला शिक्षेऐवजी उपचार द्यायला सांगतो.

तेव्हा पालकांनो, पुढच्या पालकसभेत उभं राहून मुख्याध्यापकांना एकच विचारा: आमच्या शाळेचा समुपदेशक कोण, आणि तो कोणत्या दिवशी येतो? क्लासची फी भरताना हाच प्रश्न क्लासवाल्यांनाही विचारा. घरात फवारणीचं औषध असेल तर आजच कुलपात ठेवा. आणि १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर लेकराच्या मोबाइलमध्ये स्वतःच्या हाताने घालून द्या. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि पलीकडचं माणूस मराठीत बोलतं.