अंडाशय ठेवले की काढले?

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बाईला विचारा, ऑपरेशन कसलं झालं? 'पिशवी काढली,' एवढंच उत्तर येतं. मग विचारा, अंडाशय ठेवले की तेही काढले? अनेकींना हे सांगता येत नाही. कुणी सांगितलेलंच नसतं.

डिस्चार्ज कार्डावर मात्र ते लिहिलेलं असतं. इंग्रजीत, तीन अक्षरांत. 'बीएसओ' म्हणजे दोन्ही अंडाशय आणि दोन्ही गर्भनळ्या काढल्या. नुसतं 'टीएएच' असेल तर पोट उघडून फक्त गर्भाशय काढलं. कार्ड तिच्याच कपाटात आहे आणि तिच्या पोटात काय उरलं, हे तिलाच ठाऊक नाही.

गर्भाशय गेलं की पाळी थांबते, मग अंडाशय असोत वा नसोत. त्यामुळे पाळीवरून काही कळायला मार्ग नाही. फरक आत पडतो. अंडाशय असतील तर इस्ट्रोजेन तयार होत राहतं. दोन्ही काढले, तर तिशीतल्या बाईची पाळी जाण्याची अवस्था एका दिवसात येते. गरम वाफा येतात, झोप उडते, पुढे हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणाऱ्या बाईचं मनगट मोडलं, तर तो हंगाम गेला आणि आगाऊ घेतलेली उचल अंगावर राहिली. यावर औषधोपचार आहेत. पण ते मागायला अंडाशय गेलेत हे आधी माहीत हवं.

२०१९ च्या सरकारी चौकशीत बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढल्याचं आढळलं. त्यावर बरीच चर्चा झाली. अंडाशयांचा प्रश्न तिच्यात मागेच पडला.

बाईला काय सांगायचं, हा प्रश्न न्यायालयातही गेला आहे. दिल्लीत एका बाईने दुर्बिणीच्या तपासणीसाठी सही केली होती. ती भुलीत असताना आईला विचारून तिचं गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय काढले गेले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ही संमती ग्राह्य धरली नाही. काय काढणार हे रुग्णाला आधी समजलं पाहिजे, हा कायदा तेव्हापासून स्पष्ट आहे. मग काय काढलं, हे नंतर तिला वाचता येईल असं लिहून द्यायला अडचण कसली? कार्डावर मराठीत एक ओळ पुरे: गर्भाशय काढले; उजवे अंडाशय ठेवले किंवा काढले, डावे ठेवले किंवा काढले.

ज्यांची ऑपरेशनं होऊन गेली, त्यांची कार्डं गावातल्या आशाताईंना वाचायला शिकवता येतील. तीन अक्षरंच तर ओळखायची आहेत. कार्ड हरवलं असेल तर सोनोग्राफीत अंडाशय आहेत का हे बहुतेक वेळा दिसतं. ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघण्याआधी ही सोनोग्राफी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मोफत झाली पाहिजे, याच हंगामापासून.