हलकंफुलकं म्हणे!

मे महिन्यात धाकट्या बहिणीकडे सावंतवाडीला अकरा दिवस जायचं ठरलं, तशी मी पिशवी भरायला घेतली. चार साड्या, चष्म्याचं घर आणि सहा पुस्तकं. शेजारच्या काकू डोकावल्या. म्हणाल्या, "एवढं जाडजूड कशाला न्यायलीस गं? सुट्टीत काहीतरी हलकंफुलकं वाचावं." वाचनालयातही हेच ऐकलं. जावईबापूंनी तर हेच सांगून वर एक पुस्तक हातात ठेवलं.

या सल्ल्याचा मला मनापासून राग आहे. तो ज्यांच्यासाठी आहे, त्यांनी खुशाल पाळावा. वर्षभर ऑफिसात डोकं शिणवणाऱ्या माणसानं सुट्टीत ते टेकवावं, हे समजतं. पण आम्हा बायकांचं काय? आमचे हातपाय शिणतात हो, डोकं नाही! ते वर्षभर उपाशीच असतं. दोन पानं झाली की कुकरची शिट्टी, चौथ्या पानावर दूधवाला, सहाव्यावर "अगं, माझी गोळी कुठाय?" हलकं वाचायचं ते या तुकड्यांत. बडोद्यात पाली शिकवणाऱ्या चिं. वि. जोशींचा चिमणराव मी असाच, भाजी शिजेपर्यंत, कितीदा तरी वाचलाय. तो कुठंही सोडावा, कुठंही धरावा; रुसत नाही. जड पुस्तक रुसतं. त्याला सलग चार तास लागतात, आणि ते मला बहिणीच्या माडीवर, तिनं स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही म्हणून, मिळाले.

आता हिशेब सांगते. जावईबापूंचं यशाचे मंत्र सांगणारं पुस्तक दीड तासात संपलं. पहाटे उठा, कामांची यादी करा, नाही म्हणायला शिका. पहाटे मी चाळीस वर्षं उठतेय, त्याचं कुणी पुस्तक काढलं नाही. वाचनालयानं दिलेली 'कौटुंबिक' कादंबरी साठाव्या पानावर मिटली. त्यातली सून इतकी सोशिक, की तिला हलवून जागं करावंसं वाटत होतं.

तिसरी फसगत मात्र जिव्हारी लागली. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' १९६७चं. कॉलेजात असताना मी ते रडत रडत वाचलं होतं. यंदा मुद्दाम पुन्हा नेलं. कर्ण, शोण, दुर्योधन, कुंती, वृषाली, कृष्ण, प्रत्येकजण आपली कथा सांगतो, पण मला सगळ्यांचा आवाज एकच वाटला, तोही व्यासपीठावरचा. वृषाली नवऱ्याबद्दल इतकं बोलते, पण स्वतःबद्दल मला तिच्याकडून फार थोडं कळलं. हा माझ्या वयाचा दोष असेल. पण जे अठराव्या वर्षी आवडलं ते पन्नाशीतही आवडलंच पाहिजे, असा काही नेम नाही.

मग 'पर्व' उघडलं. भैरप्पांची ही कन्नड कादंबरी आपल्या बेळगावच्याच उमा कुलकर्णींनी मराठीत आणली. महाभारत तेच. पण सुरुवात होते मद्र देशात, म्हाताऱ्या शल्याच्या घरी, नातीच्या लग्नाच्या आणि वधूशुल्काच्या बोलण्यांनी! चमत्कार नाहीत, वरदानं नाहीत. कुंती आणि द्रौपदी मनातल्या मनात बोलतात, तेव्हा त्या देव्हाऱ्यातल्या वाटत नाहीत. उंबऱ्यावर बसलेल्या वाटतात. दोन दिवस मला कुणाशी धड बोलता आलं नाही.

आणि शेवटी श्री. ना. पेंडशांचे 'तुंबाडचे खोत', दोन्ही खंड. जगबुडीच्या काठावरच्या एका घराण्याच्या पिढ्या, त्यांचा माज आणि पडझड. ही नावं, नाती, वैरं डोक्यात ठेवायची, तर मधे गॅस बंद करायला उठून चालत नाही. घरी मी हे पुस्तक तीनदा सुरू करून तीनदा सोडलं होतं. तेव्हा वाटायचं, आपल्यालाच झेपत नाही. न झेपण्यासारखं काही नव्हतं. वेळ कुणी दिला नव्हता, एवढंच.

म्हणूनच 'हलकं वाच' या प्रेमळ सल्ल्याची मला भीती वाटते. बाईला आधी वेळ द्यायचा नाही, मग तिचं मन लागत नाही म्हणायचं, आणि शेवटी तिच्यासाठी पातळ पुस्तकं वेगळी काढायची. हे कुणी दुष्टपणानं करत नाही, आपणही आपल्या लेकीसुनांना करतो. मीच गेल्या वर्षी सुनेला प्रवासासाठी मासिक घेऊन दिलं होतं, आणि मुलाला इतिहासाचं पुस्तक!

बायांनो, सुट्टी मिळेल तेव्हा पिशवीत सगळ्यात जाड पुस्तक घाला. नाही आवडलं तर साठाव्या पानावर मिटा, पाप लागत नाही. पण पुस्तक पेलेल का नाही, हे दुसऱ्याला ठरवू देऊ नका.

मी परतले ती पाचच पुस्तकं घेऊन. तुंबाडचा पहिला खंड बहिणीनं उशीखाली ठेवून घेतला. लग्नानंतर तिनं हातात घेतलेलं हे पहिलं जाड पुस्तक. वाचनालयाचा दंड चढतोय. आनंदानं भरीन.