कोळ्यासाठी एक कोपरा

स्मरणिकेत शाळेच्या इमारती, परीक्षांचे निकाल आणि क्रीडास्पर्धांतील यश यांची नोंद होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु निवासी शाळेच्या जीवनात काही गोष्टी अशा असतात, की त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. लहान मुलांची भीती ही त्यांपैकी एक होय. घर सोडून प्रथमच वसतिगृहात राहावयास आलेल्या मुलाला अंधाराची, एकटेपणाची, अनोळखी आवाजांची भीती वाटते. आणि कित्येकांना कोळ्याची भीती वाटते. ही शेवटची भीती मोठ्यांना हास्यास्पद वाटते, म्हणूनच तिच्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात आम्ही तिच्याविषयीच एक मत मांडू इच्छितो. ते थोडक्यात असे: कोळ्याची भीती कोळी मारून जात नाही, थट्टा करूनही जात नाही, ‘हा कोळी आपण पाळला तर?’ असा विचार मूल करू लागले, म्हणजे ती ओसरू लागते.

रोहणा येथील आमच्यासारख्या, शेतशिवाराला लागून असलेल्या वसतिगृहात पावसाळा सुरू झाला की दिव्यांभोवती किडे जमतात आणि किड्यांच्या मागोमाग कोळी येतात. छताच्या कोपऱ्यात लांब, बारीक पायांचा कोळी विस्कळीत जाळे विणून उलटा लटकलेला असतो. न्हाणीघराच्या भिंतीवर तळहाताएवढा पसरलेला चपटा, तपकिरी कोळी दिसतो. ज्या मुलाला त्याची भीती वाटते, ते रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी पिणे कमी करते, लघवी रोखून धरते, खाट बदलून मागते. पण कारण सांगत नाही. कारण सांगितल्यास दुसऱ्या दिवशी त्याच्या दप्तरात कुणीतरी मेलेला कोळी ठेवील, हे त्यास ठाऊक असते. म्हणजे प्रश्न कोळ्यापुरता राहत नाही. त्यात मुलाचे आरोग्य असते आणि त्याची प्रतिष्ठाही असते.

मोठ्यांजवळ यावर सहसा दोनच उपाय असतात. पहिला, ‘एवढ्याशा किड्याला काय भितोस!’ असे म्हणणे. दुसरा, झाडू उचलणे. पहिल्या उपायाने भीती जात नाही, ती लपते. दुसऱ्या उपायाने तर ती पक्की होते. कारण मोठी माणसेही ज्याला पाहताच मारतात, तो खरोखरच घातक असला पाहिजे, असे मूल शिकते. शिवाय कोळी नाहीसा झाल्याबरोबर जो सुटकेचा श्वास मिळतो, त्याची सवय लागते. पुढच्या वेळी तोच श्वास हवा म्हणून मूल अधिक लवकर पळते.

मग या प्राण्याचा अपराध तरी काय आहे, हे पाहिले पाहिजे. कोळी हा कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात, शरीराचे दोन भाग असतात, पंख नसतात. जगात त्याच्या पन्नास हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. बहुतेक सर्व जातींत विष असते, हे खरे. परंतु ते माशी, डास, झुरळ यांच्यासाठी असते. माणसाला गंभीर इजा करू शकतील अशा जाती फारच थोड्या आहेत. कोपऱ्यातला लांब पायांचा कोळी डिवचला गेला तर चावावयास येत नाही, आपले जाळे जोरजोराने हलवितो. त्याची मादी आपल्या अंड्यांचा पुंजका तोंडात धरून हिंडते. न्हाणीघरातला मोठा कोळी जाळे विणीत नाही. तो रात्री झुरळांची शिकार करतो.

आपल्याकडे अंगावर लालसर पट्टा उठला, फोड आले, आग होऊ लागली की ‘कोळी मुतला’ किंवा ‘कोळी अंगावरून गेला’ असे म्हणण्याची रीत आहे. पावसाळ्यात वसतिगृहांतून अशा फोडांची साथच दिसते. पुष्कळदा तिचे कारण कोळी नसून पेडेरस नावाचा एक सेंटिमीटरहून लहान भुंगेरा असतो. तो लाल-काळ्या रंगाचा, मुंगीसारखा दिसणारा असून रात्री दिव्याकडे येतो. तो चावत नाही, नांगीही मारीत नाही. मानेवर बसला असता झोपेत चिरडला गेला, की त्याच्या शरीरातील पेडेरिन नावाचे द्रव्य त्वचेला लागते आणि एक-दोन दिवसांत तेथे भाजल्यासारखा व्रण उठतो. म्हणून त्याला चिरडू नये, फुंकरीने उडवावे, आणि तो लागलाच तर ती जागा साबणाने धुवावी, एवढे ज्ञान शंभर कोळी मारण्यापेक्षा उपयोगाचे आहे. काही वेळा असा पट्टा नागिणीचाही असतो आणि मग डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते. भीतीने अपराधी चुकीचा ठरविला, की खरा इलाजही चुकतो.

सर्वच भीती निराधार असते, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. लाल विंचवाची भीती योग्य आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग करून असंख्य प्राण वाचविले. त्यापूर्वी कोकणात त्या दंशाने किती घरे उजाड होत, हे त्यांच्या कार्यावरून कळते. म्हणून बूट झटकून घालावेत, रात्री विजेरी घेऊन चालावे, हे आम्ही मुलांना सांगतोच. भीती ही धोक्याच्या प्रमाणात असावी, एवढेच शिकवावयाचे आहे.

हे प्रमाण कसे शिकवावे? १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रीने पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालविल्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मूल आवडीचा खाऊ खात असताना ससा दूर ठेवावयाचा आणि दिवसागणिक थोडा थोडा जवळ आणावयाचा, अशी ती पद्धत होती. १९८९ मध्ये लार्स-योरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने कोळी वगैरेंच्या तीव्र भयावर एकाच बैठकीत, जास्तीत जास्त तीन तासांत करावयाची उपचारपद्धती मांडली. तीतही तत्त्व हेच, की माणसाने आपल्या संमतीने, एकेक पायरी, भीतीच्या विषयाजवळ जावयाचे आणि भीती उतरेपर्यंत तेथून पळावयाचे नाही.

आमच्या वाचकांना येथे भयभेरव सुत्ताची आठवण होईल. बोधिप्राप्तीपूर्वी अरण्यात राहत असताना एखादे जनावर जवळून जाई, मोराच्या पायाने काटकी मोडे, वाऱ्याने पाचोळा सळसळे आणि भय उत्पन्न होई. त्या वेळी आपण काय केले, हे तथागतांनी तेथे सांगितले आहे. चालत असता भय आले तर ते जाईपर्यंत चालतच राहिले. उभे असता आले तर उभेच. बसले असता आले तर बसूनच. भय वाटले याची लाज त्यात नाही आणि जनावराला हाकलून देण्याची घाईही नाही.

आता पाळण्याच्या विचाराकडे वळू. ज्याला कोळ्याची भीती वाटते, त्याच्या मनात एकच प्रश्न असतो, की हा येथून केव्हा जाईल? परंतु ‘हा आपला आहे’ असे क्षणभर मानले, की प्रश्न बदलतात. हा खातो काय? पाणी पितो का? दिवसा कोठे असतो? काल जाळ्यात लटकलेले ते रिकामे कवच कसले? कोळी वाढताना कात टाकतो आणि मुलांना ती मेलेल्या कोळ्यासारखी दिसते, हे पाळणाऱ्यालाच कळते. ज्याची जबाबदारी आपण घेतो, त्याच्याकडे आपण टक लावून पाहतो. आणि टक लावून पाहणे हेच भीतीला नको असते. प्रत्यक्ष न पाळता नुसता तसा विचार केला, तरी या प्रश्नांची सुरुवात होते.

मात्र पाळणे म्हणजे विकत घेणे किंवा पेटीत कोंडणे, असा अर्थ कोणी घेऊ नये. परदेशांत मोठे, केसाळ टॅरँटुला कोळी हौसेने पाळतात, आणि त्या हौसेची किंमत भारतातील अरण्यांना मोजावी लागते. आंध्र प्रदेशातील गूटी या गावाच्या नावाने ओळखला जाणारा निळा टॅरँटुला १८९९ साली शास्त्राला ज्ञात झाला. आज तो अतिसंकटग्रस्त आहे; त्याच्या झाडांची तोड आणि हौशी पाळणाऱ्यांसाठी होणारी पकड ही त्याची कारणे आहेत. २०१९ साली त्याच्या संपूर्ण प्रजातीगटाचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियमांखाली आणावा लागला. एका माणसाची भीती जावी म्हणून एका जीवाने जन्मभर काचेत राहावे, हा सौदा आम्हांस मान्य नाही.

न कोंडताही जीव आपला करता येतो. ऑस्ट्रेलियातील बार्बरा यॉर्क मेन या संशोधिकेने १९७४ पासून एका राखीव जंगलात जमिनीत बीळ करून राहणाऱ्या कोळ्यांचे निरीक्षण चालविले. प्रत्येक बिळाजवळ क्रमांकाची खूण होती. त्यांतील सोळाव्या क्रमांकाची मादी ४३ वर्षे जगली. २०१६ साली तिचे बीळ उद्ध्वस्त आढळले. गांधीलमाशीच्या जातीच्या परजीवी कीटकाने तिचा अंत केला होता. इतकी वर्षे कोणी तिला उचलून घरी नेले नाही. पाळणे याचा आम्हांस अभिप्रेत असलेला अर्थ तो हा.

म्हणून आमची सूचना अशी आहे, की वसतिगृहाच्या प्रत्येक खोलीत एक कोपरा कोळ्यासाठी सोडावा. मुलांनी त्या कोळ्याला नाव द्यावे आणि एक वही ठेवावी. भिणाऱ्या मुलाने प्रथम दारातून पाहावे. काही दिवसांनी खोलीच्या मध्यापर्यंत यावे. पुढे वहीत चित्र काढावे. पायरी केव्हा चढावयाची, हे त्यानेच ठरवावे. हात कोणीही लावू नये. कोळ्याच्या दृष्टीनेही ते बरे. कोळी कोणाच्या अंगावर टाकणे हा गंभीर अपराध मानावा. आणि ज्या मुलाचा श्वास अडकतो, झोप उडते, त्याला या प्रयोगात न ओढता समुपदेशकाकडे न्यावे.

स्वच्छतेचे काय, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. परंतु धूळ साचून लोंबणारी जळमटे ही बहुधा कोळ्याने सोडून दिलेली जाळी असतात. ती खुशाल काढावीत. राहते जाळे ओळखून एक कोपरा वगळणे, हे उलट अधिक बारकाईच्या स्वच्छतेचे काम आहे. पालकांना शाळा निष्काळजी वाटेल, अशीही शंका आहे. त्यांना तो कोपरा मुलांनीच दाखवावा आणि वही वाचून दाखवावी.

या लहानशा गोष्टीला एवढे महत्त्व का, याचेही कारण आहे. आमची बहुतेक मुले कपाशी, तूर, सोयाबीन पिकविणाऱ्या किंवा त्या शेतांत मजुरी करणाऱ्या घरांतली आहेत. कपाशीवरील तुडतुडे, मावा, लहान अळ्या खाणाऱ्यांत कोळी येतात; २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगातील कोळी वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य फस्त करतात. फवारणीत शत्रूंबरोबर हे मित्रही मरतात. त्याच २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या मृत्यूंमागे अनेक कारणे होती आणि त्यांचा दोष मुलांच्या भीतीवर कोणी टाकणार नाही. परंतु दिसला जीव की मार, दिसला किडा की विष, ही सवय लहानपणी लागते. कोण शत्रू, कोण मित्र आणि कोण नुसताच शेजारी, हे पाहून ठरविण्याची सवयही त्याच वयात लावता येते.

खंध परित्तात ज्या सरपटणाऱ्या जीवांचा उल्लेख येतो, त्यांत साप, विंचू, गोम यांच्याबरोबर कोळ्याचेही नाव आहे. एका भिक्खूचा सर्पदंशाने मृत्यू झाल्याच्या प्रसंगी तो उपदेश झाला. त्यात सर्व जीवांविषयी मैत्री आहे आणि त्यांनी आपल्यापासून दूर राहावे ही इच्छाही आहे. मैत्री आणि अंतर यांचा असा मेळ मुलांना नुसत्या पाठांतराने समजणार नाही. समोरच्या भिंतीवर समजेल.

२०२१ साली ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला, २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात निःशस्त्र असताना दहशतवाद्याची बंदूक धरून ठेवणारे हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचे नाव देण्यात आले: आयसियस तुकारामी. एका शूर माणसाचे नाव कोळ्याला देताना त्या शास्त्रज्ञांना त्यात कमीपणा वाटला नाही. आमच्या मुलांनीही आपल्या कोपऱ्यातील कोळ्याला एखादे आवडते नाव द्यावे. ज्याला आपण नाव दिले, त्याच्यावर झाडू उचलण्यापूर्वी हात थोडा थांबतो. तेवढा थांबला, तरी पुढचे काम सोपे होईल, असा आमचा विश्वास आहे.