गोंडवनाला आपला हॉग हवा

या आठवड्यात शहरातल्या एका वाचक मंडळात स्कॉटलंडच्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांवर चर्चा झाली. दगडांच्या वर्तुळातून दोनशे वर्षं मागे जाणारी नायिका, डोंगराळ मुलखातला बंडखोर तरुण, टेकडीच्या पोटात राज्य करणारी परीराणी. मंडळी मन लावून वाचून आली होती, भरभरून बोलत होती. या कादंबऱ्या मलाही आवडतात. राग आला तो समारोपाचा. आपल्याकडे इतिहास आहे, परीकथाही आहेत, पण दोन्ही एका मातीत मुरलेल्या नाहीत, त्यामुळे अशी कादंबरी मराठीत होणे नाही, असं वक्ते म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. हे विधान पुण्यात झालं असतं तर मी सोडून दिलं असतं. ते नागपुरात, म्हणजे गोंडांच्या जुन्या मुलखात, गोंडवनात, झालं.

या प्रकारातली सगळ्यात गाजलेली कादंबरी 'आउटलँडर'. १९९१ सालची. दुसऱ्या महायुद्धात परिचारिका असलेली नायिका क्रेग ना डून इथल्या एका उभ्या शिळेला हात लावते आणि थेट १७४३ सालात जाऊन पडते. ते शिळावर्तुळ काल्पनिक आहे. लेखिका डायना गॅबल्डन अमेरिकेची, आणि लिहायला बसली तेव्हा तिने स्कॉटलंड पाहिलेलंही नव्हतं. आपली वर्तुळं मात्र खरी आहेत. नागपूरहून काटोल रस्त्याला लागलात की जुनापाणी येतं. तिथे सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत, लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी रचलेली. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने त्यांतली काही उकरली. शिळांवर कोरलेले वाटीएवढे खळगे पाहून त्याला स्कॉटलंडच्या शिळांवरचे तसलेच खळगे आठवले आणि त्याने ते साम्य लिहूनही ठेवलं. म्हणजे नागपूर आणि स्कॉटलंड शेजारी ठेवून पाहण्याची कल्पना दीडशे वर्षं जुनी आहे.

त्याहून मोठा धागा स्टीफन हिस्लॉपचा. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं, आपल्या कित्येक पिढ्या तिथे शिकल्या. त्याचं गाव डन्स, परगणा बेरिकशायर, स्कॉटलंडची दक्षिण सीमा. १८४५ साली तो मिशनरी म्हणून नागपुरात आला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून घोड्यावरून परतताना पुराच्या नाल्यात बुडून वारला. त्याच्या कागदांत एक खजिना निघाला. गोंडांचे पारंपरिक गायक असलेल्या परधानांपैकी एकाच्या तोंडून उतरवून घेतलेलं लिंगोचं गाणं, मूळ गोंडी शब्दांसकट. चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल याने ते कागद १८६६ साली छापले.

त्या गाण्यात काय आहे ते सांगतो, कारण 'आपल्याकडे नाही' म्हणणाऱ्यांनी ते वाचलेलं नसणार. महादेव गोंडांवर रागावतो, त्यांना गुहेत कोंडतो आणि तोंडावर प्रचंड शिळा लावतो. चौघे भाऊ तेवढे निसटून काचीकोपा लोहागडला पोचतात. लिंगो फुलातून जन्मतो, मधावर वाढतो आणि त्या चौघांना जाऊन मिळतो. विस्तव हवा म्हणून तो रिकाड गवाडी या राक्षसाच्या घरी जातो, झाडावर चढून जंतुर हे तंतुवाद्य वाजवतो. म्हातारा राक्षस आणि त्याची बायको तालावर नाचू लागतात. राक्षसाच्या मुली चौघा भावांच्या बायका होतात. पुढे त्यांच्या खोट्या तक्रारीवरून भाऊच लिंगोला मारतात, त्याचे डोळे काढतात. अमृताने तो जिवंत होतो. ज्यांनी मारलं त्यांच्याबरोबर न राहता तो कोंडलेल्या गोंडांना सोडवायला निघतो. महादेव अट घालतो: बिंदो पक्ष्याची पिल्लं आणून दे. पिल्लं खाणाऱ्या भुजंगाला मारून लिंगो ती मिळवतो, गुहा उघडते. वाटेतल्या महापुरात मगर दगा देते आणि कासव पाठीवर बसवून पार करतं.

प्रेम, मत्सर, खून, पुनर्जन्म, संगीत, तुरुंग, सुटका. एवढं सगळं असलेलं हे काव्य गोंड समाजासाठी केवळ गोष्ट नाही. लिंगो त्यांचा धर्मगुरू आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या गुहेशी ही कथा लोक जोडतात, आणि माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून माणसं तिथे दर्शनाला येतात. कादंबरीकाराला या श्रद्धेचा मान राखूनच पुढे जावं लागेल. स्कॉटलंडलाही ते चुकलं नव्हतं. तिथेही परीराणी कुणाची तरी श्रद्धाच होती.

आता माझी खरी तुलना. बेरिकशायरमध्ये डन्सबरोबरच अर्लस्टन नावाचं गाव आहे. तेराव्या शतकातला थॉमस द ऱ्हाइमर तिथला. त्याला एल्डन टेकडीजवळ परीराणी भेटली, तिने त्याला सात वर्षं आपल्या मुलखात ठेवलं आणि परत पाठवताना कधी खोटं न बोलणारी जीभ दिली, असा पोवाडा सीमाभागात गायला जाई. वॉल्टर स्कॉटने तो आपल्या संग्रहात घेतला. १८०२-०३ साली त्याने असे पोवाडे छापले आणि त्यानंतर, १८१४ साली, 'वेव्हर्ली' ही कादंबरी आली. हा क्रम लक्षात घ्या. आधी गाणारी माणसं, मग पोवाड्यांचा संग्रह, मग कादंबरी. 'द मॉनेस्टरी'त तर त्याने सोळाव्या शतकाच्या इतिहासात एक शुभ्रवस्त्रा अद्भुत स्त्री आणून उभी केली. ऐतिहासिक कादंबरीची जगभरची वाट स्कॉटने घालून दिली; आपले हरिभाऊ आपटेही त्याच वाटेने गेले. गॅबल्डनला न पाहिलेल्या देशावर कादंबरी लिहिता आली, कारण दोनशे वर्षं त्या देशाच्या टेकड्या पुस्तकांतून जगभर फिरत होत्या.

नागपुरातलं चित्र पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंत तंतोतंत तसंच आहे. गाणारा परधान होता. त्याच्यापुढे बसून लिहून घेणारा हिस्लॉप होता, तोही स्कॉटच्याच सीमाभागातला. संग्रह १८६६ साली छापून तयार होता. तिसरी पायरी आपण चढलोच नाही. चढायचा प्रयत्न केला तो कॅप्टन जेम्स फॉरसाइथने. १८७१ साली आलेल्या त्याच्या पुस्तकाचं नावच 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया'. सातपुड्याला त्याने हायलँड्स म्हटलं आणि लिंगोची कथा लाँगफेलोच्या 'हायावाथा'च्या छंदात इंग्रजीत बांधली. फुलातून जन्मलेल्या लिंगोला अमेरिकी छंदाचं अंगडं चढलं.

म्हणून मला स्कॉटपेक्षा जवळचा वाटतो जेम्स हॉग. १७७० साली एट्रिकच्या खोऱ्यात जन्मलेला मेंढपाळ. शाळा जेमतेम काही महिने. त्याच्या आईचे वडील परीलोकाशी बोललेला त्या भागातला शेवटचा माणूस म्हणून ओळखले जात. आई मार्गारेट लेडलॉ हिला पोवाडे तोंडपाठ होते आणि स्कॉट तिच्याकडे ऐकायला आला. हॉगने पुढे नोंदवून ठेवलं आहे की छापील पुस्तक पाहून आईने स्कॉटला सुनावलं: ही गाणी गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हती, तुम्ही ती छापून बिघडवली. संग्राहकाला गाणारीने इतकं स्पष्ट सांगितल्याची दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

त्या बाईचा मुलगा पुढे स्वतः लिहू लागला. १८१८ साली त्याची 'द ब्राउनी ऑफ बॉड्सबेक' आली. काळ १६८५चा. राजाच्या धर्माला विरोध करणाऱ्यांना सैनिक शोधून शोधून मारत आहेत. गावात कुजबूज आहे की एका शेतकऱ्याच्या मुलीची ब्राउनीशी, म्हणजे घरची कामं रात्रीत उरकणाऱ्या भुताशी, सलगी आहे. शेवटी उलगडतं की ब्राउनी म्हणजे लपलेला, विद्रूप झालेला माणूस, आणि मुलगी त्याला आणि त्याच्या सोबत्यांना वाचवत होती. परीकथा आणि इतिहास इथे एकच होतात. ज्यांना उघडपणे जगता येत नव्हतं ते गावाच्या तोंडी भूत होऊन जगले. ही गोष्ट बाहेरून आलेल्या संग्राहकाला सुचली नसती. ज्याच्या घरात ब्राउनीचं नाव रोज घेतलं जात होतं, त्यालाच ती सुचली.

राहिला इतिहास. ज्यांना तो परीकथेत मिसळलेला दिसत नाही त्यांनी चांद्याला, आजच्या चंद्रपूरला, जावं. तिथल्या खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजाची कथा ऐका. अंगभर गाठी आलेला राजा झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या खळग्यातलं पाणी पितो, तोंड धुतो आणि बरा होतो. कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करतो आणि राणी सांगते की सशाच्या वाटेने भिंत बांधा, इथे नगर वसवा. त्याच गादीवरच्या बीरशहाने मुलीच्या अपमानाचा सूड घेऊन जावयाचं शीर महाकालीला वाहिलं, असं चांद्यात सांगतात. त्या बीरशहाचा खून झाल्यावर राणी हिराईने दत्तक रामशहाच्या नावाने १७०४ ते १७१९ राज्य चालवलं, महाकालीचं देऊळ बांधलं आणि नवऱ्याची समाधी उभारली. बायकोने नवऱ्यासाठी उभारलेलं एवढं देखणं स्मारक चांद्यात उभं आहे आणि आपण प्रेमकथा वाचायला एडिनबराच्या वाटेला लागतो. आणि हे नागपूर तरी कुणी वसवलं? देवगडच्या बख्त बुलंद शहाने, अठराव्या शतकाच्या आरंभी. औरंगजेबाच्या दरबारात जाऊन आलेला, धर्म बदलूनही गोंडच राहिलेला राजा. त्याच्या आयुष्यात दोन खंडांची कादंबरी आहे.

माझं एक जुनं गाऱ्हाणं आहे, ते इथे आणतोच. मराठी ऐतिहासिक कादंबरीचा नकाशा सह्याद्रीपासून सुरू होतो आणि पानिपतावर संपतो. १८७१ साली गुंजीकरांचा 'मोचनगड' आला तेव्हापासून ती गड चढते आहे. 'स्वामी', 'छावा', 'पानिपत' या थोर कादंबऱ्या आहेत, त्यांच्याविरुद्ध माझं काहीच नाही. पण मराठी कादंबरीचं बालपण अद्भुतातच गेलं होतं, हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ची. पुढे पुणेरी अभिरुचीने अद्भुताला पोरकट ठरवून दाराबाहेर काढलं, आणि त्याच्याबरोबर गोंडवनही बाहेर राहिलं, कारण इथला इतिहास अद्भुताशिवाय सांगताच येत नाही. हे माझं पक्कं मत आहे. नाथमाधवांचं 'वीरधवल' वाचकांच्या पिढ्यांनी डोक्यावर घेतलं, म्हणजे वाचकाचं मन त्या दाराबाहेरच होतं.

मग गोंडवनाची कादंबरी लिहायची कुणी? माझ्यासारख्या शहरी माणसाने लिहिली तर ती फॉरसाइथचीच पुढची आवृत्ती होईल. नागपूरचे मोतीरावण कंगाली यांनी आयुष्यभर गोंडी भाषा आणि पुनेम, म्हणजे गोंडी धर्म, यांवर काम केलं, 'पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन' हा ग्रंथ हिंदीत लिहिला, २०१५ साली ते गेले. त्यांनी पाया घालून ठेवला आहे. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, गोंदिया इथली गोंड आणि परधान मुलं आज नागपूर-गोंडवाना विद्यापीठांतून मराठीत एम.ए. करत आहेत. काहींच्या आजोबांच्या घरी किंगरी, परधानांचं तंतुवाद्य, अजून टांगलेली आहे. त्यांना अभ्यासक्रमात हॉग शिकवा. त्यांच्या आजीला कुणी मार्गारेट लेडलॉ म्हणून ओळखत नाही, तोवर त्यांना तरी ती ओळखू द्या. प्रकाशकांनी पहिल्या हस्तलिखितासाठी आगाऊ मानधन द्यावं, विदर्भ साहित्य संघाने लेखनवृत्ती सुरू करावी, आणि कादंबरी गोंडीमिश्रित मराठीत आली तर संपादकांनी ती प्रमाण करण्याच्या मोहात पडू नये.

१८६६च्या त्या पुस्तकावर नावं आहेत हिस्लॉप आणि टेंपल यांची. ज्याने गाणं म्हटलं त्या परधानाचं नाव मुखपृष्ठावर नाही. गोंडवनाची पहिली मोठी ऐतिहासिक कादंबरी निघेल तेव्हा गाणाऱ्याच्या वंशजाचं नाव तिच्यावर लेखक म्हणून छापलेलं असलं पाहिजे. यापेक्षा कमी काही मी मागणार नाही.