आधी कमी करा, मग वाढवा

आमच्या हाऊसमध्ये इक्वलायझर म्हटले की एकच गोष्ट समजली जाते: बेस पूर्ण वर, ट्रेबल पूर्ण वर. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत माझेही मत हेच होते. माझ्या आजोबांमुळे ते बदलले.

आजोबा तोफखान्यातून निवृत्त झाले. बडोद्याच्या घरी संध्याकाळच्या बातम्या आणि मग नाट्यसंगीत हा त्यांचा रोजचा नेम. बाबांनी संगणकाला जोडायला नवे स्पीकर आणले, तेव्हा मी ऐटीत सगळ्या पट्ट्या वर सरकवल्या. आजोबा थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "अरे, आवाज मोठा झाला, पण शब्द कळत नाहीत." मग उठून आत गेले. पुढचे दोन दिवस ते बातम्यांना आलेच नाहीत.

मला वाईट वाटले, म्हणून कारण शोधले. आमच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये ४ मीटर अंतर आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्यामुळे अशा खोलीत ४३ आणि ८६ हर्ट्झच्या आसपासचे स्वर घुमतात. त्यात स्पीकर मी कोपऱ्यात ठेवले होते आणि कोपऱ्यात बेस आणखी फुगतो. या घुमण्याखाली शब्द दबत होते. शिवाय दर ३ डेसिबल वाढवले की अँप्लिफायरला जवळजवळ दुप्पट शक्ती लागते. सगळेच वर सरकवले तर आवाज फाटणारच.

म्हणून आधी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढले. मग मोफत मिळणारे 'इक्वलायझर एपीओ' बसवले. यात तीन गोष्टी आपल्या हातात असतात: कोणती वारंवारता, किती डेसिबल आणि किती रुंद पट्टा. आजोबांच्या खुर्चीत बसून एकेक स्वर ऐकला. ८६ हर्ट्झजवळ खोली दणाणत होती, तेथे ६ डेसिबल कमी केले. शब्द स्पष्ट व्हावेत म्हणून ३००० हर्ट्झजवळ फक्त ३ डेसिबल वाढवले आणि एकूण पातळी तेवढीच खाली आणली. त्या संध्याकाळी आजोबा बातम्या संपेपर्यंत बसले.

तरीही मला वाटते, यात फुशारकी मारण्यासारखे काही नाही. इक्वलायझर खोलीचा दोष कमी करतो, कानाचा नाही. मोठ्या आवाजाचा पहिला घाव बहुधा ३००० ते ६००० हर्ट्झच्या भागावर बसतो आणि स, श, फ यांसारखी अक्षरे ओळखायला हाच भाग लागतो. गेलेली श्रवणशक्ती कोणतेही सॉफ्टवेअर परत देत नाही. बाबा आता आजोबांना कानाच्या डॉक्टरांकडे नेणार आहेत.

आपल्यातले काही जण फायरिंग रेंजवर इअरप्लग घालणे म्हणजे भित्रेपणा समजतात. आजोबा सांगतात, त्यांच्या वेळी कापसाचा बोळा मिळाला तरी खूप होते. मित्रांनो, आपल्याला इअरप्लग मिळतात. ते खिशात नको, कानात असू द्या.