खड्डा पडण्यापूर्वी

पावसाळा आला की शहरातील लोकांना भंडारदरा आठवतो, रंधा धबधबा आठवतो. आम्हा इथल्या विद्यार्थ्यांना मात्र आठवतो तो रस्ता! गेल्या श्रावणात खड्ड्यांमुळे आमच्या गावची सकाळची गाडी फाट्यावरूनच परत फिरू लागली. आम्ही मुले अंधारात चार किलोमीटर चालत फाटा गाठू लागलो. पण शेजारच्या मुलीला वडिलांनी कॉलेजला पाठविणेच बंद केले. दिवाळीनंतर खड्डे बुजले, गाडी सुरू झाली. तिचे वर्ष मात्र बुडाले ते बुडालेच. कोणत्या अंदाजपत्रकात हा खर्च धरला जातो?

"पाऊसच एवढा, रस्ता टिकणार कसा?" असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. मित्रहो, हे अर्धसत्य आहे. घाटघर-रतनवाडीकडे पाऊस कोसळतो हे खरे. पण डांबरी रस्त्याचा खरा शत्रू म्हणजे साचणारे पाणी. बाजूची चारी मातीने बुजते, साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच होते, पाणी तुंबते आणि बारीक भेगांतून खाली मुरते. खालचा थर भिजून सैल झाला, की एखाद्या जड गाडीचे निमित्त पुरते. म्हणजे मे महिन्यात चाऱ्या-मोऱ्या साफ केल्या, भेगा डांबराने बुजविल्या, तर निम्मे दुखणे टळेल. पूर्वी हे काम मैलकुली करीत. ठरलेल्या अंतराची जबाबदारी ठरलेल्या माणसांवर असे. आमच्या रस्त्यावर आता असा माणूस दिसत नाही.

पैसा नाही, हे दुसरे कारण सांगितले जाते. जागतिक बँकेने १९८८ साली ८५ विकसनशील देशांतील रस्त्यांचा हिशेब मांडला. वेळेवर १२ अब्ज डॉलर खर्चले असते, तर ४५ अब्ज डॉलरचे नुकसान टळले असते, असे त्यातून निघाले! तेव्हा दुरुस्ती परवडत नाही, हे म्हणणे टिकत नाही. परवडत नाही ती दिरंगाई. पण नव्या रस्त्याला नारळ फुटतो. चारी उपसण्याचे उद्घाटन कोण करणार?

आपले धरणच पाहा. १९२६ साली ते पूर्ण झाले. १९६९ साली भिंतीला तडे जाऊन गळती लागली, तेव्हा भिंतीला आधार देऊन ती मजबूत केली गेली. म्हणूनच प्रवरेचे पाणी आजही तिथे अडते. धरणाची जी काळजी आपण घेतो, तिचा शतांशही रस्त्याच्या वाट्याला येऊ नये?

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण खड्डे खणून झाडे लावतो. यंदा एक दिवस चारी उपसायला देऊ या. श्रमदानाने डांबर पडत नाही, हे मी जाणतो. ते मे महिन्याच्या आत पडावे, यासाठी ग्रामसभेत आपणच उभे राहून विचारले पाहिजे. श्रावणात विचारणे म्हणजे वरातीमागून घोडे. आणि तोवर आणखी एखादीचे वर्ष बुडालेले असेल.